तिसऱ्याची गाणी

१९६५च्या फेब्रुवारीत ‘नॉर्दर्न साँग्ज’ ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली. बीटल्सच्या गाण्यांचे प्रकाशन हक्क तिच्याकडे होते. भागांची वाटणी झाली तेव्हा जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांना प्रत्येकी १५ टक्के मिळाले. जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांच्या पदरात प्रत्येकी ०.८ टक्के पडले. जॉर्ज तेव्हा बाविशीच्या उंबरठ्यावर होता. त्याने स्वतः एखादं गाणं लिहिलं तरी ते याच कंपनीकडे जाई, आणि त्याच्या कमाईतला वाटा भागधारक म्हणून जॉन-पॉललाही मिळे. जॉर्जला हे कळलं तेव्हा त्याने त्यावर गाणं लिहिलं, ‘ओन्ली अ नॉर्दर्न साँग’. १९६७च्या फेब्रुवारीत ते ‘सार्जंट पेपर’ या अल्बमसाठी रेकॉर्ड झालं आणि अल्बममधून वगळलं गेलं.

जॉन आणि पॉल यांच्या दोस्तीवर आणि चुरशीवर कपाटं भरतील इतकी पुस्तकं आहेत. मला त्या जोडीपेक्षा तिच्या शेजारी गिटार घेऊन उभा असलेला तिसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण मैत्री आणि चढाओढ कलावंताच्या कामात नेमकं काय करतात, हे त्याच्या गाण्यांत जितकं उघड दिसतं तितकं त्या दोघांच्या गाण्यांत दिसत नाही. ते दोघं एकमेकांचे मित्रही होते आणि प्रतिस्पर्धीही, त्यामुळे कशाने काय घडलं ते वेगळं काढता येत नाही. जॉर्जच्या बाबतीत चढाओढ घरात होती आणि मैत्री घराबाहेर.

घरातली उतरंड शाळकरी वयापासून ठरलेली होती. लिव्हरपूलमध्ये शाळेला जाताना बसमध्ये पॉलची आणि त्याची ओळख झाली. १९५८मध्ये पॉलने त्याला जॉनसमोर नेलं. बसच्या वरच्या मजल्यावर जॉर्जने ‘राँची’ ही गाजलेली गिटारची धून बिनचूक वाजवून दाखवली आणि तो बँडमध्ये आला. जॉन त्याच्यापेक्षा सव्वादोन वर्षांनी मोठा, पॉल आठ महिन्यांनी. त्या वयात एवढं अंतर पुष्कळ असतं, आणि ते पुढे कधी पुरतं मिटलंच नाही. पाठचा भाऊ कितीही मोठा झाला तरी थोरल्यांच्या लेखी धाकटाच राहतो, तसं त्याचं झालं.

जॉन-पॉलने किशोरवयातच समोरासमोर बसून गाणी रचायला सुरुवात केली होती. जॉर्जने पहिलं स्वतंत्र गाणं लिहिलं ते १९६३च्या उन्हाळ्यात, बोर्नमथच्या एका हॉटेलात आजारी पडला असताना, आपल्याला हे जमतं का एवढंच पाहायला. तोवर ते दोघं मैलोगणती पुढे गेले होते. ‘अ हार्ड डेज नाइट’ आणि ‘बीटल्स फॉर सेल’ या लागोपाठच्या दोन अल्बमांवर जॉर्जचं एकही गाणं नाही. त्यानंतर एखाददुसऱ्या गाण्यावर त्याची बोळवण होऊ लागली. आधी त्यांची दहा गाणी वाजवून द्यायची, तेव्हा कुठे ते माझं एक ऐकणार, अशा अर्थाची त्याची तक्रार पुढे अनेक मुलाखतींत आली आहे. निर्माता जॉर्ज मार्टिन यांनीही आपण या मुलाकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, अशी खंत नंतर बोलून दाखवली.

पण हेही लक्षात घ्यायला हवं की रोज ज्यांच्यासोबत काम करायचं ते दोघं त्या काळातले सर्वोत्तम गीतकार होते. किरकोळ गाणं घेऊन त्यांच्यासमोर जायची सोयच नव्हती. ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमची सुरुवात जॉर्जच्या ‘टॅक्समन’ने होते. त्यातला धारदार गिटार सोलो मात्र पॉलचा आहे. बँडच्या लीड गिटारिस्टच्या गाण्यात लीड गिटार दुसऱ्याने वाजवायची, हे कोणालाही लागलं असतं. जॉर्जने पुढे सांगितलं ते असं की पॉलने ते वाजवल्याचा त्याला आनंदच झाला, आणि त्या सुरावटीत पॉलने त्याच्या आवडीचा हिंदुस्थानी वळसाही आणला होता. मला त्याच्या या उत्तरावर विश्वास ठेवावासा वाटतो. चुरस आणि प्रेम एका खोलीत नांदत होतं, निदान १९६६पर्यंत.

घराबाहेरची पहिली दोस्ती अटलांटिकच्या पलीकडची. १९६४च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये जॉर्जला रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार भेट मिळाली. ‘अ हार्ड डेज नाइट’ या चित्रपटात ती पडद्यावर दिसली. अमेरिकेत रॉजर मॅग्विन नावाच्या तरुणाने चित्रपटगृहात बसून ती पाहिली आणि तशीच गिटार मिळवली. त्याच्या बायर्ड्स या बँडचा सगळा नाद या गिटारवर उभा राहिला. दुसऱ्याच वर्षी जॉर्जने ‘इफ आय नीडेड समवन’ लिहिलं ते बायर्ड्सच्याच एका गाण्यातली सुरावट मनात धरून, आणि डेरेक टेलर या समाईक मित्राकरवी मॅग्विनला तसा आवर्जून निरोपही धाडला. उसनं घेतलं तर सांगून घ्यायचं, हा त्याचा स्वभाव. १९६५च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसमध्ये याच मॅग्विनने आणि डेव्हिड क्रॉस्बीने त्याच्याशी बोलताना एका सतारियाचं नाव काढलं, पंडित रविशंकर.

सतार त्याने आधी पाहिली होती, ‘हेल्प!’ चित्रपटातल्या रेस्तराँच्या प्रसंगात. मग लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका दुकानातून त्याने एक साधीशी सतार आणली आणि १९६५च्या ऑक्टोबरमध्ये जॉनच्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये ती वाजवली. रविशंकरांनी ते पुढे ऐकलं आणि त्यांना ते मुळीच रुचलं नाही. जून १९६६मध्ये लंडनला आयाना अंगडी यांच्या घरी दोघांची भेट झाली. अंगडी दांपत्याची ‘एशियन म्युझिक सर्कल’ ही संस्था लंडनमधल्या हिंदुस्थानी कलावंतांचं हक्काचं ठिकाण होती. त्यानंतर रविशंकर शिकवणीसाठी जॉर्जच्या घरी आले. शिकवणी चालू असताना फोन वाजला, जॉर्ज उठला आणि सतार ओलांडून निघाला. रविशंकरांनी त्याच्या पायावर चापट मारली आणि वाद्याचा आदर ठेवायला बजावलं. तेव्हा जगातल्या कोणत्याही विमानतळावर जॉर्ज हॅरिसन उतरला की किंकाळ्यांनी आसमंत दणाणत असे. त्याच्या पायावर फटका मारणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला होता, आणि त्याच माणसाला तो उरलेलं आयुष्यभर धरून राहिला.

१४ सप्टेंबर १९६६ला जॉर्ज आणि त्याची पत्नी पॅटी मुंबईत उतरले. ताजमहाल हॉटेलात त्यांनी नाव नोंदवलं ‘सॅम वेल्स’ असं. ओळख लपावी म्हणून जॉर्जने मिशाही वाढवल्या होत्या. हॉटेलच्या लिफ्टवरच्या पोराने तरीही त्याला ओळखलं, आणि मग ताजखाली पोरापोरींची ही गर्दी. शेवटी पत्रकार परिषद घेऊन, मी इथे बीटल म्हणून आलेलो नाही, सतार शिकायला आलोय, असं सांगावं लागलं. रविशंकरांची ‘किन्नरा’ ही संगीतशाळा तेव्हा मुंबईतच होती आणि त्यांचे शिष्य शंभू दास जॉर्जचा रियाझ करून घेत. गर्दी हटेना, तेव्हा मंडळी काश्मीरला दल सरोवरातल्या हाउसबोटीवर गेली. तासन्‌तास मांडी घालून बसणं, बोटांना पडलेले घट्टे, एकच पलटा शंभर वेळा. जॉन-पॉलच्या सावलीबाहेर, कोणी ताडून पाहणार नाही अशा जागी, त्याला पहिल्यांदा नवशिक्या होता आलं.

१९६८च्या जानेवारीत तो पुन्हा मुंबईत आला, या वेळी कामासाठी. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत त्याच्याकडे होतं. जागा होती फोर्टमधला एचएमव्हीचा स्टुडिओ. तिथे स्टिरिओ रेकॉर्डिंगची सोय नव्हती, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. खाली कचेऱ्या, वर स्टुडिओ, आणि आवाज अडवायला भिंतींत काहीच नाही. जॉर्ज नंतर सांगे, नीट कान दिलात तर त्या ध्वनिमुद्रणात रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतील. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या चाकरमान्यांच्या पावलांची धडधड सुरू होई, की रेकॉर्डिंग बंद. आशिष खाँ यांचा सरोद, महापुरुष मिश्र यांचा तबला, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, अशी मंडळी त्या खोलीत होती. पुढे ज्यांच्या नावावर सभागृहं भरली ते चौरसिया आणि शर्मा तेव्हा तिशीच्या आसपासचे होते.

सिनेमाचं काम आटोपल्यावर हाताशी थोडा वेळ उरला, त्यात ‘द इनर लाइट’ची धून मुद्रित झाली. गायन लंडनला व्हायचं होतं. तिथे मात्र जॉर्जचा धीर सुटला. एवढ्या वरच्या पट्टीत आपल्याला गाता येणार नाही असं त्याला वाटू लागलं. पॉलने आणि जॉनने त्याला गायला उभं केलं. चांगलं आहे, काळजी करू नकोस, असं पॉल म्हणाल्याची आठवण तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितली आहे. शेवटच्या ओळीला त्या दोघांनी साथीचे सूरही दिले. मार्चमध्ये हे गाणं ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला निघालं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं जॉर्जचं हे पहिलं गाणं. फोर्टमध्ये वाजलेल्या बासरी-शहनाईवर तरंगणारं हे गाणं आजही मला त्याच्या सगळ्यात निर्भर गाण्यांपैकी एक वाटतं.

त्याच वर्षी रविशंकरांनी त्याला विचारलं की तुझी स्वतःची मुळं कुठे आहेत? थोर सतारिया व्हायला पंधरा वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती, हे जॉर्जला एव्हाना उमगलं होतं. गुरूने शिष्याला जवळ ठेवण्याऐवजी त्याच्या गावाकडे परत पाठवलं. तो गिटारकडे वळला, तेव्हा वाटेत उभा होता एरिक क्लॅप्टन.

दोघांची ओळख जुनी होती. १९६४च्या नाताळात लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बीटल्सचे कार्यक्रम झाले, त्यात क्लॅप्टनचा यार्डबर्ड्स हा बँडही होता. १९६८पर्यंत क्लॅप्टन इंग्लंडमधला सर्वांत वाखाणला जाणारा गिटारिस्ट झाला होता. जॉर्जच्या घरापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, सरे परगण्यातच, त्याने घर घेतलं. ऑगस्टमध्ये त्याने जॉर्जला एक तांबडी लेस पॉल गिटार भेट दिली. जॉर्जने तिचं नाव ठेवलं ‘लूसी’.

बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ तेव्हा चालू होता आणि घरातलं वातावरण आंबलं होतं. जॉर्जच्या ‘नॉट गिल्टी’ या गाण्याचे ऑगस्टमध्ये शंभराहून अधिक टेक झाले आणि तरीही ते अल्बमात गेलं नाही. ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’चीही तीच गत होऊ घातली होती. जुलैत त्याने ते एकट्याच्या गिटारवर गाऊन ठेवलं होतं. मग पूर्ण बँडसह, मग उलट्या फिरवलेल्या फितीवरची गिटार, मग पुन्हा पहिल्यापासून. कशालाही जीव येईना, कारण इतर तिघांचं त्यात लक्षच नव्हतं. मधल्या काळात रिंगोही रुसून निघून गेला होता, तो नुकताच परतला होता.

६ सप्टेंबरला जॉर्ज आणि क्लॅप्टन एकाच मोटारीने सरेहून लंडनला चालले होते. जॉर्जने सहज विचारावं तसं विचारलं, आज माझ्या गाण्यात वाजवशील का? क्लॅप्टन दचकला. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरचं कोणी गिटार वाजवत नाही, असं तो म्हणाला. जॉर्जचं उत्तर होतं की गाणं माझं आहे.

पाहुणा घरात शिरला आणि भांडणारी मंडळी सावरून बसली. पॉल पियानोवर बसला आणि त्याने गाण्याच्या सुरुवातीलाच असे सूर दिले की ते काढले तर गाणं ओळखू येणार नाही. क्लॅप्टनने तीच तांबडी लूसी हातात घेतली. वाजवून झाल्यावर त्याला शंका आली की हे बीटल्ससारखं वाटत नाही. म्हणून मिश्रणाच्या वेळी गिटारचा आवाज यंत्रातून किंचित हेलकावत नेला. त्या हेलकाव्यात रडवेलेपणा आहे. मित्राची शंका आणि त्यावरचा तोडगा, दोन्ही रेकॉर्डवर कायमचे आहेत. अल्बमच्या वेष्टनावर मात्र क्लॅप्टनचं नाव कुठेही नाही. फेड लगेच झाली. क्लॅप्टनच्या क्रीम या बँडच्या शेवटच्या अल्बमसाठी दोघांनी मिळून ‘बॅज’ लिहिलं. करारामुळे जॉर्जचं नाव वादक म्हणून देता येत नव्हतं, तर तिथे छापलं ‘लांजेलो मिस्तेरिओसो’.

नोव्हेंबरच्या अखेरीस जॉर्ज अमेरिकेत वुडस्टॉकला बॉब डिलनकडे राहिला. डिलन आधी बोलेचना. मग गिटारी निघाल्या. जॉर्जने त्याला वेगळे स्वरमेळ दाखवले, त्याच्याकडून शब्द मागितले, आणि एक गाणं दोघांच्या नावावर तयार झालं. डिलनच्या शेजारीच ‘द बँड’ याच नावाच्या बँडची मंडळी राहत. तिथे कोणी थोरला नाही, कोणी धाकटा नाही, ज्याला सुचलं त्याने गावं, हे जॉर्जने पाहिलं. जानेवारीत परतला तो थेट ट्विकनहॅमच्या थंडगार, अवाढव्य चित्रीकरण मंचावर. समोर कॅमेरे, आणि सूत्रं पॉलच्या हातात.

६ जानेवारीला पॉल त्याला वाजवणं समजावू लागला तेव्हा जॉर्ज शांतपणे म्हणाला की तू सांगशील ते वाजवीन, नको असेल तर वाजवणारही नाही. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हे गाणं तो याच दिवसांत पुन्हापुन्हा मांडत होता आणि त्याची डाळ शिजत नव्हती. १० जानेवारीला दुपारच्या जेवणाच्या सुमारास त्याने बँड सोडला. डायरीत एका ओळीत नोंद केली आणि घरी जाऊन त्याच दिवशी ‘वा-वा’ लिहिलं. इकडे मंचावर जॉन म्हणत होता की दोनतीन दिवसांत आला नाही तर क्लॅप्टनला घेऊ. ज्या मित्राच्या हाताने जॉर्जने आपलं गाणं वाचवलं होतं, त्याच मित्राचं नाव आता त्याच्या जागेसाठी घेतलं जात होतं. मला जॉनचं हे बोलणं रागाच्या भरातलं वाटतं, पण ते निर्दय होतंच.

जॉर्ज अटी घालून परतला. ट्विकनहॅम सोडायचं आणि बीटल्सच्या स्वतःच्या कंपनीच्या तळघरात काम करायचं. २२ जानेवारीला तो पुन्हा एक पाहुणा घेऊन आला. ऑर्गन-पियानोवादक बिली प्रेस्टन १९६२पासून, हॅम्बुर्गच्या दिवसांपासून चौघांच्या ओळखीचा होता. जे क्लॅप्टनमुळे घडलं तेच पुन्हा घडलं. खोलीतले आवाज खाली आले आणि संगीत वर आलं. ‘गेट बॅक’च्या सिंगलवर बँडच्या नावासोबत बिलीचंही नाव छापलं गेलं. महिनाअखेरीस जॉर्ज जॉनला सांगत होता, माझ्याकडे इतकी गाणी साठलीत की माझ्या वाटणीच्या हिशेबाने ती पुढची दहा वर्षं पुरतील, तेव्हा एक अल्बम एकट्याने करावा म्हणतो.

२५ फेब्रुवारी १९६९, त्याचा सव्विसावा वाढदिवस. तो एकटा स्टुडिओत गेला आणि तीन गाणी कच्ची रेकॉर्ड करून ठेवली: ‘ओल्ड ब्राउन शू’, ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ आणि ‘समथिंग’. एप्रिलमध्ये कंपनीच्या हिशेबाच्या बैठकीला दांडी मारून तो क्लॅप्टनच्या घरी गेला. लांबलेल्या हिवाळ्यानंतर ऊन पडलं होतं. क्लॅप्टनची गिटार घेऊन बागेत फिरता फिरता त्याने ‘हिअर कम्स द सन’ लिहिलं. गाण्याच्या मधल्या भागात मात्रा अशा पडतात की पाश्चात्त्य ढोलकरी चकतो. रिंगोने पुढे सांगितलं आहे की हे साडेसातमध्ये आहे असं जॉर्जने त्याला सांगितलं, तेव्हा त्याला काहीच कळलं नाही. तिहाई ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला मात्र तिथे समेची वाट पाहण्याची जुनी गंमत चटकन सापडते. मुंबईतला रियाझ सरेच्या बागेत असा उगवला.

‘ॲबी रोड’वर ही दोन गाणी आली, ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’, आणि तिसरा दोघांच्या बरोबरीला आला. ‘समथिंग’ हे या अल्बममधलं सर्वोत्तम गाणं, असं जॉननेच म्हटलं. ऑक्टोबरमध्ये ते सिंगल म्हणून निघालं. बीटल्सच्या सिंगलची दर्शनी बाजू जॉर्जला मिळाली ती पहिल्यांदा. फ्रँक सिनात्रा ते मैफलीत गात, आणि सुरुवातीला लेनन-मॅकार्टनीचं गाणं म्हणून गात. या गाण्यातला पॉलचा बेस ऐकावा. गिटारच्या सुराशी तो सतत बोलत राहतो, कधी पुढे जातो, कधी अडवतो. इतकी तन्मय साथ करणारा माणूस या गाण्याला कमी लेखत असेल, हे खरं वाटत नाही.

तरीही त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या एका बैठकीची ध्वनिफीत आहे. मार्क लुइसन या इतिहासकाराने ती २०१९मध्ये ऐकवली. पुढच्या अल्बमसाठी जॉनने मांडलं की पॉल, जॉर्ज आणि मी, तिघांची चार-चार गाणी घ्यावीत, रिंगोला हवी तर दोन. पॉल म्हणतो की या अल्बमपर्यंत जॉर्जची गाणी मला तेवढी चांगली वाटत नव्हती. जॉर्जचं उत्तर आहे, तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न, लोकांना माझी गाणी आजवर आवडत आली आहेत. तिघांना समान वाटा द्यायचं अखेर सुचलं, ते बँड मोडण्याच्या बेतात असताना. तो पुढचा अल्बम झालाच नाही.

त्या डिसेंबरमध्ये जॉर्ज ‘डिलेनी आणि बॉनी’ या अमेरिकन जोडीच्या दौऱ्यात सामील झाला. क्लॅप्टनही त्यात होता. दोघंही मागे उभे राहून साथ करत. डिलेनीने त्याला स्लाइड गिटार वाजवायला लावली. बोटात नळी घालून तारेवर घसरत जायचं. यातून जॉर्जला अखेर स्वतःचा आवाज मिळाला. हा आवाज ब्ल्यूजचा आहे, तरी सुरावर थेट न बसता खालून त्याला गाठण्याची त्याची लकब सतारीच्या मींडेची आहे, असं मला ठामपणे वाटतं. रविशंकरांनी त्याला परत पाठवलं होतं खरं, पण तो रिकाम्या हाताने गेला नव्हता.

१९७०च्या एप्रिलमध्ये बीटल्स फुटल्याचं जगजाहीर झालं, आणि मेच्या अखेरीस जॉर्ज स्टुडिओत शिरला. निर्माता फिल स्पेक्टर सोबत होता. पहिलं गाणं घेतलं ते ‘वा-वा’, गिटारी, ढोल आणि तुताऱ्यांच्या प्रचंड गदारोळात. मग १९६६पासून पडून राहिलेलं ‘इझंट इट अ पिटी’ निघालं. नोव्हेंबरमध्ये तीन तबकड्यांचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ बाहेर आला. त्याचं पहिलं गाणं डिलनसोबत लिहिलेलं, आणि त्यात गिटार क्लॅप्टनची. ‘माय स्वीट लॉर्ड’ इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. फुटल्यानंतर हा मान मिळवणारा पहिला बीटल धाकटा ठरला. या गाण्यावर पुढे दावा झाला आणि १९७६मध्ये न्यायालयाने, दुसऱ्याची चाल नकळत उचलल्याचा ठपका जॉर्जवर ठेवला. मॅग्विनला मुद्दाम निरोप धाडणाऱ्या माणसाला तो फार लागला.

याच ध्वनिमुद्रणांच्या गोतावळ्यातून क्लॅप्टनचा ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ हा नवा बँड जमला. आणि याच काळात क्लॅप्टन पॅटीच्या प्रेमात बुडाला होता. एका मित्राने दिलेली निजामीची लैला-मजनूची कथा त्याच्या हाती होती. ऑगस्टमध्ये मायामीला जाऊन त्याने ‘लैला’ केलं. त्यात ड्वेन ऑलमन हा दुसरा गिटारिस्ट त्याच्याशी अशा ईर्ष्येने भिडला की दोघांनीही त्याआधी असं वाजवलं नव्हतं. हा किस्सा सांगताना लोक नेहमी दोन मित्र आणि मधली बाई एवढंच सांगतात, ते मला सलतं. पॅटीने २००७मध्ये आत्मचरित्र लिहून या सगळ्याची किंमत आपण कशी मोजली ते सांगितलं आहे. तिची आणि जॉर्जची फारकत १९७७मध्ये झाली, १९७९मध्ये तिचं क्लॅप्टनशी लग्न झालं. लग्नानंतरच्या मेजवानीत जॉर्ज, पॉल आणि रिंगो यांनी एकत्र वाजवलं.

१९७१च्या जूनमध्ये रविशंकरांनी जॉर्जकडे मदत मागितली. पूर्व बंगालमध्ये आधी चक्रीवादळ, मग कत्तल. लाखो निर्वासित सीमा ओलांडत होते. रविशंकरांचं कुळही तिकडचंच. पाचसहा आठवड्यांत जॉर्जने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम ठरवले, १ ऑगस्टला दुपारी आणि रात्री. मिळून सुमारे ४० हजार श्रोते. रिंगो आला. पॉल आला नाही, बँडच्या भागीदारीचा दावा तेव्हा कोर्टात होता. जॉनही आला नाही. क्लॅप्टन हेरॉइनच्या विळख्यात होता, तालमींना पोचलाच नाही, तरी प्रयोगाला उभा राहिला.

आरंभी रविशंकर आणि अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा. सूर लावून झाले तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. लावणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं याहून आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकर हसत म्हणाले. मग जुगलबंदी. दोघं गुरुबंधू, मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे एकत्र शिकलेले. आपल्या संगीतात सवाल-जवाबाला रंगमंचावर हक्काची जागा आहे. एकाने तान टाकावी, दुसऱ्याने ती उचलून परत करावी, आणि चढाओढ श्रोत्यांच्या देखत रंगावी. जॉर्जने अशा मैफली जवळून पाहिल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या घरात हेच सगळं बंद दारामागे, वर्षानुवर्षं, न बोलता चाललं होतं.

मग पांढऱ्या सुटातला जॉर्ज पुढे आला. एवढ्या मोठ्या मंचाचा यजमान तो प्रथमच होत होता. पहिलं गाणं त्याने घेतलं ‘वा-वा’. पुढे बिली प्रेस्टन गायला, रिंगो गायला. ‘व्हाइल माय गिटार’ला क्लॅप्टन शेजारी उभा राहिला. त्याने या गाण्याला न शोभणारी पोकळ अंगाची गिटार आणली होती, असं त्याने नंतर स्वतःच कबूल केलं. आजारी क्लॅप्टनचे सूर अडखळत तिथे जॉर्ज आपल्या गिटारने ते उचलून घेई. तीन वर्षांपूर्वी जो सोलो त्याने मित्राच्या हवाली केला होता, तो आता दोघं मिळून वाजवत होते.

गाण्यांच्या क्रमाची यादी त्याने गिटारवरच चिकटवली होती. ‘हिअर कम्स द सन’नंतर तिच्यावर लिहिलं होतं ‘बॉब’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. आदल्या रात्रीपर्यंत डिलन येतो की नाही याची खात्री नव्हती. जॉर्जने मागे वळून पाहिलं तर डिलन गळ्यात माउथ ऑर्गन अडकवून, अस्वस्थ, मंचावर येत होता. जॉर्जने त्याला माइक दिला आणि स्वतः साथीला मागे सरकला. साथीदारांपैकी लिऑन रसेलने बेस घेतला, रिंगोने डफ घेतला. रात्री आठला दुसरा प्रयोग होता, त्यासाठी जॉर्जने यादीतला क्रम थोडा बदलला.